खाजनातल्या चिखलाची बाटली : जांभळा थर आला!

मंडळी, विनोग्राडस्की कॉलमचा अपडेट (म्हणजे चिखल-पाण्याची उजेडात ठेवलेली बाटली, जिच्यात बॅक्टेरियांचे रंगीत थर तयार होतात; नाव सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कींवरून). चवथीच्या सुमारास काचेला चिकटून नुसते ठिपके होते, आता चांगले वाईन कलरचे डाग पसरलेत आणि त्यांच्या खाली हिरवा पट्टा. जाम खूश आहे!

नवीन लोकांसाठी सेटअप : चिखल गोव्यातल्या चोडण बेटाचा, खाजनातल्या (बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) मानशीजवळचा, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळचा, पाऊस लागायच्या आधी आणलेला कारण नंतर मांडवीचं पाणी गोडं होत जातं. त्यात फाडलेला पेपर, अंड्याचं पिवळं, कवचाची पूड, वर तिथलंच खारं पाणी, झाकण सैल. दोन बाटल्या सारख्याच भरल्या, एक उत्तरेच्या खिडकीत, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून. खारा चिखल मुद्दाम घेतला, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजनचं संयुग) असतं आणि सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

तळाशी ऑक्सिजन नाही. तिथे आधी क्लॉस्ट्रिडियमसारखे बॅक्टेरिया कागदातलं सेल्युलोज फोडून आंबवतात, त्यातून जी ॲसिडं आणि हायड्रोजन उरतो ते दुसरे बॅक्टेरिया खातात आणि ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेतात, मग हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास. तो लोखंडाला भेटला की काळाकुट्ट आयर्न सल्फाइड. उरलेला वर सरकतो आणि तिथे हिरवे नि जांभळे बॅक्टेरिया त्याची वाटच बघत असतात. हिरव्यांना सल्फाइड जास्त चालतो, उजेड कमी पुरतो, म्हणून ते खाली. दोघेही प्रकाशावरच जगतात पण पाण्याऐवजी हा वायू फोडतात, त्यामुळे ऑक्सिजन सुटतच नाही, गंधक सुटतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हॅन नील यांनी १९३१ मध्ये याच बॅक्टेरियांवरून तर्क केला की झाडं सोडतात तो ऑक्सिजन पाण्यातून येत असणार, आणि १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा, ओळखता येणारा प्रकार) वापरून ते दिसलंही. मला तरी हे फार सुंदर वाटतं, चिखलातल्या बॅक्टेरियावरून अख्ख्या झाडांचं कळणं.

आता काळ्या कागदातली बाटली. तळ तिचाही काळा झालाय, रंग मात्र एकही नाही आणि झाकण उचललं की वास असह्य, कारण उजेडावर जगून सल्फाइड खाणारं वर कोणी नाही. पण ती मेलेली नाहीये हं, पेपरातली ऊर्जा अजून चालू आहे, म्हणजे कुठल्यातरी तोडलेल्या झाडाने कधीकाळी पकडलेलं ऊन. ते प्रत्येक टप्प्यावर थोडं उष्णता होऊन जाणार आणि परत येणार नाही. खिडकीतल्या बाटलीत गंधक तेच तेच वर-खाली फिरतंय, ऊर्जा मात्र रोज सकाळी नवीन लागते.

खिडकीऐवजी एलईडी लाइट चालेल का, असं कोणीतरी विचारलं होतं. जांभळे ८०० नॅनोमीटरच्या पुढचा, आपल्याला न दिसणारा प्रकाशही वापरतात, साध्या पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. खिडकीच बरी, फक्त थेट ऊन नको, बाटली तापते.

पाण्याच्या सीमेवर पांढरे धागेही दिसतायत, बेगियाटोआ असावा असं वाटतं, मायक्रोस्कोपखाली बघून सांगतो. विनोग्राडस्कींनी १८८७ मध्ये ज्याच्यावर लिहिलं तोच, सल्फाइड जाळून त्यावर जगणारा.

दिवाळीनंतर कागद अदलाबदल करणार, खिडकीतली अंधारात आणि अंधारातली खिडकीत. माझा अंदाज, खिडकीतली अंधारात गेल्यावर तिच्या वरच्या पाण्यातलं हिरवं शेवाळ (खालचा हिरवा पट्टा नव्हे) आधी ऑक्सिजन सोडायचं थांबेल आणि काळा थर वर चढत येईल. कोणी केलंय का असं? किती वेळ लागला ते सांगा.