तुम्ही विचारलंत म्हणून: चेहरा ब्लर केला की झालं ना?

मुलींच्या लैंगिक तस्करीवर माहितीपट करायला निघालेली मंडळी हे हमखास विचारतात. नाही, तेवढ्यानं होत नाही. ब्लर एडिटिंगमध्ये टाकणार असाल तर मूळ फुटेजमध्ये चेहरा स्वच्छ राहतो, आणि हार्डडिस्क किती हातांतून फिरेल याचा नेम नसतो. शिवाय मुलगी पटकन मान वळवते तेव्हा दोन-तीन फ्रेम ब्लर मागे पडतो. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला एक फ्रेम पुरते.

खिडकीकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा दिसतो, ही जुनी युक्ती. पण चित्रण रॉ किंवा लॉगमध्ये (म्हणजे अंधारातलेही तपशील राखणाऱ्या फॉरमॅटमध्ये) असेल तर ग्रेडिंगला, म्हणजे रंग-उजेड दुरुस्त करताना, सावल्या उजळताच नाकडोळे पुन्हा वर येतात. त्यापेक्षा चेहरा फ्रेममध्ये घेऊच नका. हात घ्या, पण आधी मनगट बघा. गोंदण, भाजल्याचा डाग, बालगृहाच्या ड्रेसची बाही... गावातल्या माणसाला एवढ्यावरून ओळख पटते.

आवाजाचंही तेच. खाली आणलेला पिच (आवाजाची पट्टी) पुन्हा वर नेता येतो. आणि बोलीचं काय कराल? ‘मना’, ‘तुना’ (माझा, तुझा) ऐकलं की पोर खानदेशातली, हे कळतंच. तिचे शब्द दुसरीकडून वाचून घ्या आणि तसं पडद्यावर लिहा. मूळ ट्रॅक खाली हळू वाजत ठेवायचा मोह टाळा. मागची स्टेशनची घोषणा त्यातच असते.

‘आईची सही आहे आमच्याकडे,’ असंही ऐकू येतं. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 23 पुढे ती सही चालत नाही. नाव, पत्ता, फोटो, घरचे, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीच छापायचं-दाखवायचं नाही. मुलीच्या हिताचं वाटलं तर परवानगी देणार विशेष न्यायालय, तेही कारण लिहून. शिक्षा 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही; आणि जबाबदारी एकट्या दिग्दर्शकाची नाही, प्रकाशक-मालकाचीही.

छुप्या कॅमेऱ्यात अल्पवयीन मुलगी दिसली तर ‘आधी फिल्म पुरी करू’ म्हणता येत नाही. कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, आणि कलम 20 मध्ये तर माध्यमांचं नावच घेतलंय. मुलींच्या सुटकेसाठी पोलीस धाड घालतात, तीत सामील व्हायची हौसही आवरा. ओढणीनं तोंड झाकणाऱ्या मुलीला कॅमेरा आणि पोलिसांचा टॉर्च यांत फरक दिसत नाही. सुटकेनंतर चोवीस तासांत तिला बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांच्या संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे) न्यायचं असतं. तिथंही कॅमेरा बाहेरच.