आयोनियन समुद्रात, शिडाच्या बोटीवर गरम पाणी

ग्रीसच्या आयोनियन समुद्रात उन्हाळ्यात दुपारनंतर बहुधा वायव्येचा वारा सुटतो. तिथे त्याला माइस्त्रो म्हणतात. लेफकाडाहून भाड्याने घेतलेल्या शिडाच्या बोटीवर आमचा दिवस या वाऱ्याच्या वेळा पाहूनच आखला जाई. सकाळी समुद्र निवांत असताना इंजिनवर अंतर कापायचं, वारा आला की शिडं उभारायची. आंघोळीचं पाणीही त्यावरच ठरे.

बोटीची गरम पाण्याची टाकी मागच्या केबिनमध्ये, बिछान्याच्या फळीखाली होती. कॅप्टनने फळी उचलून दाखवली, तेव्हा मला आजोळचा बंब आठवला. बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इथे विस्तवाच्या जागी इंजिन थंड ठेवून आलेलं, साधारण ८० अंशांचं पाणी कॉइलमधून फिरतं आणि टाकीतलं गोडं पाणी तापवतं. एरवी ही उष्णता समुद्रातच जाते. तासभर इंजिन चाललं की टाकी कढत होते आणि जाड आवरणामुळे संध्याकाळपर्यंत तशीच राहते. मला ही रचना मनापासून आवडली.

त्याच टाकीत विजेचं हीटरही असतं, पण ते धक्क्यावरच्या २३० व्होल्टवर चालतं. नांगर टाकून राहिलं की ते बंद. २० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला जवळपास एक युनिट वीज लागते. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी त्यात जवळजवळ रिकामी होईल, मग रात्रीचे दिवे आणि फ्रिज कशावर चालवणार?

गॅस गीझर मात्र बोटीवर नकोच, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या येतात. बोटीची केबिन त्याहून कोंदट. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो. चहापुरती शेगडी पुरे, आणि तीही वापरून झाली की सिलिंडरचा कॉक बंद.

केफालोनियातल्या फिस्कार्दोहून इथाकाला निघालो त्या दिवशी वारा सकाळपासूनच होता, इंजिन जेमतेम लागलं. टाकीतलं पाणी कोमट. पण डेकवर काळी प्लास्टिकची पिशवी पाणी भरून उन्हात ठेवलेली होती. वाथीच्या खाडीत पोहून आल्यावर ती दोरीने वर टांगली आणि बोटीच्या मागच्या फळीवर उभं राहून एकेकाने अंगावरचं मीठ धुतलं. साबण लावताना नळी बंद ठेवली, तर एका पिशवीत तिघांचं भागतं.