तांब्या नेहमी उजवाच पाय उचलायचा

मी नागपूरजवळच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमधे ड्रेसर आहे, म्हणजे डॉक्टर सर सांगतील तशी जखम धुवायची, पट्टी करायची, औषध पाजायचं, आणि लोकांनी दत्तक नेलेले प्राणी कसे आहेत ते त्यांच्या घरी जाऊन बघायचं. कुत्री मांजरं रोजचीच आहेत, पण मागच्या फेब्रुवारीत एका कोंबड्याने मला जे शिकवलं ते आधीच्या सहा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

आमच्या विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे हिवाळ्यात कोंबडबाजार भरतात. बाजार म्हणजे विक्री नाही, झुंज. कोंबड्याच्या पायाला लोखंडी काती बांधतात, धारदार असते अगदी, आणि लोक पैसे लावतात. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे तरी चालतंच. पोलिसांची धाड पडली की माणसं शेतातून पळतात आणि कोंबडे मागे राहतात, ते मग दुचाकी आणि रोख रकमेसोबत मुद्देमाल म्हणून पंचनाम्यात लिहिले जातात. केस चालू असताना असे प्राणी शेल्टरकडे द्यायचे असा 2017 चा नियम आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी पाच कोंबडे आमच्याकडे आले. एक दुसऱ्याच दिवशी गेला, मांडीतली जखम फार खोल होती. चार वाचले.

त्यातले दोघं जास्त धडधाकट. दोघंही असील जातीचे, उंच मान, लांब पाय, अंगावर पिसं कमी, तुरा लहानसा. तांबूस होता तो तांब्या, काळा तो राजा. बाकीच्या कोंबड्यांपासून महिनाभर वेगळं ठेवलं, कारण नवा पक्षी सोबत काय घेऊन आलाय ते आठवडा दोन आठवडे कळतच नाही कधीकधी. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस दिली. उवा होत्या त्या गेल्या. दोघांच्याही पायांवरचे खवले वर उचललेले, खाली पांढरट खडबडीत थर, हे बारीक किडे खवल्यांच्या आत शिरल्यामुळे होतं. कोमट पाण्यात पाय भिजवून मऊ ब्रशने घासायचं आणि वरून जाड व्हॅसलीन लावायचं म्हणजे किडे आत गुदमरून मरतात. मी तीन आठवडे हे केलं. राजाचे पाय स्वच्छ झाले. तांब्याचा डावाही झाला, उजव्यावर घोट्याच्या वर एक सुजलेला कडक पट्टा राहिला आणि मी धरून चालले की तो पण किड्यांचाच आहे, वेळ लागेल.

ही चूक माझी. तेव्हा कुणाला दिसली नाही, पण रोज पाय हातात घेणारी मी होते.

कोर्टाची परवानगी आल्यावर उमरेड रोडकडच्या एका रिटायर्ड मास्तर काका-काकूंनी दोघांना नेलं. काकांची दीड एकराची शेती, आधीच्या आठ-नऊ देशी कोंबड्या. मी सगळं सांगितलं होतं, की दोघांना वेगवेगळं ठेवा, मधे जाळी लावून वर कापड टाका म्हणजे एकमेकांना बघणार नाहीत, कोंबड्यांचं लेयर फीड यांना देऊ नका कारण त्यात अंड्यासाठी कॅल्शियम जास्त असतं आणि नराच्या किडनीला ते झेपत नाही, झोपायची दांडी खाली ठेवा म्हणजे उडी मारून पंजाला मार बसणार नाही. काकांनी वहीत लिहून घेतलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, आवाज थरथरत होता. "बेटा, हा तांब्या घेऊन जा. काकांच्या हाताला रक्त काढलं त्याने. गडी म्हणतो मी उद्यापासून त्याच्या खुराड्यात जाणार नाही."

मी लगेच गाडीवर निघाले. रस्ताभर डोक्यात एकच की झुंजीचा कोंबडा आहे, लहानपणापासून हेच शिकवलंय, स्वभावच तो. लोकही असंच म्हणतात, आणि त्याच विचाराने असे कितीतरी परत आणले जातात.

पोचल्यावर मी आधी आत गेले नाही, पाऊण तास नुसती जाळीबाहेर बसून राहिले. हे मला सरांनी शिकवलंय, हात लावायच्या आधी बघ. तांब्या कोपऱ्यात, उजवा पाय पोटात घेऊन उभा. थंडीत कोंबडा एका पायावर उभा राहतोच, ऊब टिकवायला, म्हणून शेल्टरमधे कुणाला काही वाटलं नाही. पण पाऊण तासात त्याने एकदाही पाय बदलला नाही. मग मी दांडीखाली बघितलं. दांडीखाली विष्ठा नाही. सगळी एका कोपऱ्यात जमिनीवर, म्हणजे रात्री तो वर चढतच नव्हता. खाली जमिनीवर झोपत होता.

गडी मागे उभा होता, वयस्कर माणूस, त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या कोंबड्या. तो म्हणाला, "ताई, पहिल्या दिवशी हा पहिले आरवे, चार-सवाचारले. आता काळा आरवते पहिले, हा मागून." मी चमकले. सरांनी एकदा सांगितलं होतं की जपानमधे नागोयाच्या संशोधकांनी बघितलंय, कळपात वरचढ कोंबडा आधी बांग देतो, मग बाकीचे आपापल्या नंबराने. शेल्टरमधे तांब्या पहिला होता. नऊ दिवसांत नंबर गेला, तो का?

काकांना विचारलं कुठून गेलात तेव्हा चावला. त्यांनी दाखवलं, पाण्याचं भांडं उजव्या अंगाला होतं. गडीही तिकडूनच जायचा.

संध्याकाळ व्हायची वाट बघितली, कारण अंधारात कोंबड्याला नीट दिसत नाही आणि तो शांत असतो. गडीने सूप ढालीसारखं पुढे धरलं, लाथ मारायची नाही आणि मागे पण पळायचं नाही, मी वरून टॉवेल टाकला आणि उचलला. साडेतीन किलोचा ऐवज. छाती दाबायची नाही हे फार महत्त्वाचं, पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे श्वास ओढणारा छाती-पोटामधला पडदा नसतो, छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच हवा आत जाते, घट्ट आवळलं तर हातातच जातो. डोकं टॉवेलात, पंख काखेत, पाय मोकळे. पाय हातात घेतल्या घेतल्या कळलं, उजवा पाय डाव्यापेक्षा स्पष्ट गरम होता. मागचं बोट काळं, सुकलेलं.

कोमट पाण्यात बराच वेळ भिजवलं. काकू टॉर्च धरून होत्या. खपली मऊ झाली तशी मी गॉजने हळूहळू काढली आणि खाली एक निळा तंतू दिसला, केसाएवढा. नायलॉन. पायाभोवती चार-पाच वेढे, चामडी त्याच्या वरून वाढून मिटलेली. काती बांधायचा दोरा. धाड पडल्यावर कुणीतरी घाईत काती कापून घेऊन पळाला असणार आणि दोऱ्याचे वेढे तसेच राहिले, आणि जवळजवळ दीड महिना तो त्याच्या पायात रुतत होता, आणि मी त्याच्यावर व्हॅसलीन लावत होते.

काकू रडायला लागल्या. मला पण बोलता येईना.

तिथे ओढायचा प्रयत्न केला नाही, अशा ठिकाणी रक्तवाहिनी लगेच खाली असते. तांब्याला टोपलीत गवत घालून, वर कापड बांधून, गाडीवर पुढे घेऊन शेल्टरला आले, सर थांबले होते. त्यांनी भूल अगदी मोजून दिली, पक्ष्यांना ती थोडी जास्त झाली तरी जीवावर बेतते. भिंग लावून एकेक वेढा कापून काढला, सव्वा तास गेला. शेवटचा वेढा निघाला तेव्हा पायाच्या खालच्या भागात रंग यायला लागला, आम्ही नुसते त्याच्याकडे बघत होतो. मागचं बोट वाचलं नाही, चार दिवसांनी गळून पडलं. बाकी पाय वाचला.

दहा दिवस रोज बिटाडिनने धुणं, पट्टी, वेदनेचं औषध चोचीच्या कडेने. पहिले दोन दिवस पट्टीवर चोच मारायचा. तिसऱ्या दिवशी मी उजव्या बाजूने हात नेला आणि त्याने नुसतं मान वाकडी करून बघितलं.

मी सगळ्यांना हे सांगते आता. कोंबडा तिरका चालत येतो, एक पंख खाली टाकतो, मानेची पिसं फुलवतो, तेव्हा तो तापट आहेच, वयात आलेला नर आहे, त्याला जागा हवी. पण एकाच बाजूने, एकाच वेळी, एकाच माणसावर धावत असेल तर आधी त्याचं अंग तपासा. आणि पाय नुसता बघू नका, नखाने फिरवून बघा, चामडीखाली काही कडक रेघ लागते का. आता आमच्याकडे झुंजीतला कोंबडा आला की पहिल्याच दिवशी दोन्ही पायांवरून असा हात फिरवल्याशिवाय मी नोंद करत नाही.

काकांनी त्याला परत नेलं. काकू आधी घाबरलेल्या, म्हणून सांगितलं की पाण्याचं भांडं डाव्या बाजूला ठेवा आणि रोज त्याच वेळी, त्याच रंगाच्या कपड्यात जा, त्याला सवय होऊ द्या. दोन आठवड्यांनी त्याला तीन कोंबड्या सोबत दिल्या, राजाच्या बाजूपासून लांब. काकूंनी मला व्हिडिओ पाठवला, तांब्याला एक किडा सापडलाय, तो चोचीत धरून खाली टाकतोय, परत उचलतोय, कुक कुक कुक करतोय, आणि कोंबडी येऊन खाऊन जातेय. स्वतः खाल्लाच नाही. कोंबडे कोंबड्यांना असंच बोलावतात, पण याला ते करताना बघायला कधी मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

काकूंवर अजून अधूनमधून धावतो, झाडू दिसला की जास्त. राजा अजूनही पहिला आरवतो. पण शनिवारी काकांचा मेसेज आला, काल रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर तांब्या दांडीवर चढून झोपला होता.