अडकलेली फाइल सोडवताना

आमच्या भोसरीच्या कारखान्यात एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या ड्राइव्हचं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या भागाचं, सॉफ्टवेअर अपडेट करायचं होतं. मी खरेदी विभागात, त्यामुळे पाठपुरावा माझ्याकडे. पुरवठादाराचा मेल आला, पण झिप फाइलच्या जागी नुसती सूचना: कंपनीच्या धोरणानुसार अटॅचमेंट काढली आहे.

अशी सूचना आधी नीट वाचावी, कारण अडण्याची कारणं वेगवेगळी असतात. ड्रॉइंगच्या फाइली बहुतेकदा आकारामुळे अडतात. मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २५ एमबीची मर्यादा असली तरी २० एमबीची फाइलही परत येते. आमची फाइल लहान होती. अडली ती झिपमध्ये डॉट ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रॅम फाइल, होती म्हणून.

पुरवठादाराच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, नाव बदलून डॉट जेपीजी करून पाठवतो. उतरवून घेतलं की परत ईएक्सई करा.” हा उपाय जो तो सांगतो आणि मला तो अजिबात पटत नाही. मुळात तो बऱ्याचदा चालत नाही. विंडोजच्या ईएक्सई फाइलची सुरुवात ‘एमझेड’ या अक्षरांनी होते (मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं) आणि मेल तपासणारा चांगला फिल्टर नावावर न जाता आत बघतो. आणि चाललाच, तर ते अधिक वाईट. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस नावाच्याच फसवणुकीवर जगभर पसरला: फाइल दिसायची डॉट टीएक्सटी (साधा मजकूर), असायची डॉट व्हीबीएस (चालणारा प्रोग्रॅम). त्यानंतर आउटलुकमध्ये अशा फाइली अडवायला सुरुवात झाली. पासवर्ड लावलेल्या झिपलाही मी नकार दिला; तिच्या आतलं आमच्या फिल्टरला तपासता येत नाही, आणि हे व्हायरस पाठवणाऱ्यांनाही चांगलं ठाऊक आहे.

मग आयटीकडे रीतसर विनंती टाकली: फाइल कोणाची, कशासाठी, कुठल्या मशीनवर चालणार. तिथल्या दादांनी क्वारंटाइनमधून (अडवलेल्या फाइली ठेवतात तिथून) फाइल सोडण्याऐवजी पुरवठादाराला आमच्या शेअर्ड फोल्डरची लिंक दिली. तिथे चढवलेली फाइल आधी स्कॅन होते आणि लिंक ठरलेल्या मुदतीनंतर बंद पडते.

माझ्या मते खरं महत्त्वाचं काम यानंतरचं. फाइल खरंच त्यांनीच पाठवली का, आणि वाटेत बदलली तर नाही? मी मेलच्या सहीतला नंबर वापरला नाही; मेलच खोटा असेल तर तो नंबरही खोटा असणार. परचेस ऑर्डरवर नोंदवलेल्या नंबरवर फोन केला आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची खूण, एसएमएसने मागवला. ६४ अक्षरांची ती ओळ असते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती पार वेगळी येते. आयटीच्या दादांनी विंडोजमधल्याच सर्टयूटिल या कमांडने आमच्या फाइलचा हॅश काढला आणि आम्ही दोघांनी तो चार-चार अक्षरं करत ताडून पाहिला. जुळला. तेव्हाच फाइल मेंटेनन्सच्या लॅपटॉपवर गेली.

मेंटेनन्सच्या साहेबांना हे लांबण लावल्यासारखं वाटलं. पण त्या लॅपटॉपची केबल थेट मशीनला लागते. तिथे संशयास्पद फाइल चालवायची माझी तयारी नव्हती. त्या पुरवठादाराच्या पुढच्या परचेस ऑर्डरमध्ये मी एक अट घालून घेतली: सॉफ्टवेअर मेलने पाठवायचं नाही, आणि प्रत्येक अपडेटसोबत हॅश वेगळा कळवायचा.