मांडीवरचा टॉवेल

आठवीत शाळेच्या बँडमध्ये नाव घातलं ते कॉर्नेटच्या, म्हणजे ट्रंपेटसारख्या छोट्या पितळी वाद्याच्या आशेनं. पण मोठ्या पोरांनी कॉर्नेट आणि ड्रम आधीच पळवले होते. कपाटात उरली होती दोन मोठी पितळी फुंकवाद्यं: तीन कळांचं एक युफोनियम आणि त्याहून मोठा, खालच्या सुरांचा एक ई फ्लॅट ट्युबा. ट्युबा मांडीवर घेतला तर मागं मी आहे की नाही हेच कळेना, म्हणून युफोनियम माझ्या गळ्यात पडलं. त्याची नळी सरळ केली तर नऊ फूट भरते, हे मास्तरांनी सांगितलेलं मी घरी मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. नाना म्हणाले, मग गुंडाळलेलीच राहू दे, खोलीत मावायची नाही.

चारेक किलोचं ते धूड मी उजव्या हातानं पेलायचो. अंगठा कड्यात मुळापर्यंत खुपसलेला, करंगळी नळीखाली अडकवलेली, मनगट मुरडलेलं. आणि त्याच हाताच्या तीन बोटांनी कळा दाबायच्या! तिसरी कळ अनामिकेची, आणि ते बोट शेजाऱ्याला विचारल्याशिवाय हलत नाही. तालीम संपली की अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका लागायचा, की कडक भाकरी डाव्या हातानं मोडावी लागायची.

मास्तर लग्नसराईत वाजवणारे. त्यांनी एकदा मधेच थांबवलं. "उजवा हात सोड बघू." सोडला, तर वाद्य थेट माझ्या गुडघ्यावर आलं.

"उजवा हात कारकून आहे रे. हमाली डाव्याला सांग."

मग त्यांनी माझा डावा हात वाद्याच्या पोटावरून वळवून नळीच्या खालच्या वळणाला नेला. कडेवर पोर घेतात तसं. उजव्याचा अंगठा कड्यात जेमतेम टेकलेला, नाही टेकला तरी चालेल. करंगळी मोकळी. मनगट सरळ, बोटं चेंडू धरल्यासारखी गोल. बोटं आडवी पसरून कळ तिरकी दाबली की तिच्याखालचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एका बाजूला घासतो आणि अर्ध्यात अडकून बसतो. तोवर मी त्याचा दोष तेलाला देत होतो. पुढं महिनाभर तालमीत कधीही आरोळी यायची, "उजवा सोड!"

नववीत दुसरीच गंमत झाली. सुट्टीत मी भसकन उंच झालो आणि माउथपीस हनुवटीपाशी आलं. मी बिनधास्त खाली वाकून वाजवू लागलो. श्वास पुरेना, लांब सूर मधेच तुटायचे. सव्वीस जानेवारीच्या आधी वाद्य घरी आणलं होतं. अम्मा समोर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब, मान कायम खाली. थोडा वेळ बघून म्हणाली, "माझी मान गेली, आता तुझी घालवतोस? तोंड खाली कशाला नेतोस, त्यालाच वर घे की." नानांनी कारखान्यातून आणलेला विणीत चूक असलेला टॉवेल तिनं चौपदरी करून माझ्या मांडीवर ठेवला. पाठ ताठ करून बसलो, तर माउथपीस बरोबर ओठांवर. टेरीच्या फंद्यांमुळं वाद्य घसरतही नव्हतं.

मास्तरांना हे इतकं आवडलं की आमच्या रांगेत टॉवेलांचा बाजारच भरला. सोलापुरात टॉवेलाला काय तोटा! ट्युबावाल्या बुटक्या गड्याचं मात्र उलट होतं. त्याचं माउथपीस नाकाशी यायचं, म्हणून त्याचा ट्युबा मांडीवरून उतरवून दोन मांड्यांच्या मधे खुर्चीवरच टेकवला. टॉवेल त्यानं घाम पुसायला वापरला.

संचलनात टॉवेल चालत नाही. तिथं पट्टा लागतो, आणि शाळेचा पट्टा सुतळीसारखा बारीक होता. त्याचा वळ मानेवर दोन दिवस राहायचा. तेवढी एक तक्रार शाळेच्या या सुवर्णमहोत्सवात नोंदवून ठेवतो. आताच्या पोरांना रुंद पट्टे द्या.

आज माझ्याकडं चार कळांचं युफोनियम आहे. चौथी कळ बाजूला, डाव्या हाताच्या तर्जनीसाठी. म्हणजे हमालालाच कारकुनी शिकवावी लागली, ती चाळिशीत, आणि अजून पुरती जमलेली नाही. टॉवेल मात्र तोच. पिस्टनच्या तेलानं इतका काळपट झाला आहे, की अम्मा तो इतर कपड्यांत भिजवू देत नाही.