कापड एकाचं, शिलाई दुसऱ्याची

परवा चाकणजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. शेजारून बसच्या तीन-चार नव्या चासी ओळीने पुढे सरकल्या. बस नाहीच, नुसता सांगाडा. इंजिन, चाकं, स्टिअरिंग. ना काच, ना टप. ड्रायव्हरने तोंडाला पंचा गुंडाळलेला, वर काळा गॉगल, अंगभर धूळ. वावटळीत खाट टाकून बसल्यासारखा तो एकटा बसला होता. ही चासी आता कुठल्यातरी बॉडीवाल्याकडे जाणार आणि मग तिची बस होणार.

मला मात्र रोल्स-रॉइस आठवली. हसू नका.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो कारखानाही चासीच विकायचा. बॉडी ज्याची त्याने करून घ्यायची. लंडनला बार्कर, हूपर अशा जुन्या पेढ्या होत्या. मुळात बग्ग्या बांधणाऱ्या. घोडे गेले तरी हात तेच राहिले. लाकडाचा साटा, त्यावर पत्रा, मग रंगावर रंग आणि वॉर्निशचे हात. लग्नाच्या सुटासारखंच ते, कापड एका दुकानातलं आणि शिलाई आपल्या शिंप्याची. चोखंदळ गिऱ्हाईक उन्हाळ्याला उघडी आणि थंडीला बंद अशा दोन बॉड्या शिवून घेई आणि एकाच चासीवर आलटून पालटून चढवी.

यातली सगळ्यात गाजलेली १९०७ ची सिल्व्हर घोस्ट. सात लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. कंपनीचा कारभारी क्लॉड जॉन्सन जाहिरातीच्या बाबतीत पक्का व्यापारी. त्याने बार्करकडून एका चासीवर उघडी बॉडी बांधून घेतली, ती चंदेरी रंगवली, पितळेच्या जागी चांदीचा मुलामा दिला आणि गाडी किती टिकते ते दाखवायला लंडन-ग्लासगो रस्त्यावर फेऱ्या मारायला सोडली. ६२९ मैलांवर ती थांबली. काय झालं होतं? हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला होता. मिनिटभरात उघडला. त्यानंतर १४,३७१ मैल ती बिघाडासाठी एकदाही थांबली नाही. मला या सगळ्या कहाणीत तो कॉकच जास्त आवडतो. एवढी राजेशाही गाडी, आणि रुसली ती आमच्या जुन्या स्कूटरसारखी.

आपल्याकडे रोल्स-रॉइस म्हटलं की तिच्यातून कचरा वाहणाऱ्या महाराजांची गोष्ट हमखास येते. पुरावा कुणी दाखवत नाही, फॉरवर्ड मात्र सगळे करतात. त्यापेक्षा १९०८ ची खरी गोष्ट बरी. त्या वर्षी मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी झाली आणि एका सिल्व्हर घोस्टने त्यात घाट पार करून बाजी मारली. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. तेव्हाचे आपले घाटरस्ते डोळ्यांपुढे आणले की ग्लासगोचं कौतुक थोडं कमी होतं.

बग्गीवाल्यांची एक आठवण आपण रोज तोंडात घोळवतो. सामान ठेवायचं म्हटलं की म्हणतो, ‘डिकी उघड.’ मुळात डिकी म्हणजे बग्गीच्या मागची नोकराची बसायची जागा. मालक आत, नोकर उघड्यावर. मोटारी आल्या तरी ही रीत लवकर मोडली नाही. कितीतरी गाड्यांत मागे मालकासाठी काचेची बंद खोली, मखमल, पडदे. ड्रायव्हर मात्र पुढे उघड्यावर. हुकूम द्यायला मध्ये एक बोलायची नळी. पाऊस लागला तर भिजायचं ड्रायव्हरनेच, आणि चालवायची गाडी अशी की आतल्या साहेबांना गचका बसता कामा नये.

ट्रॅफिक हलला तसे पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. मी काच वर केली. शेजारच्या चासीवरच्या माणसाने गॉगल पुसला, पंचा तोंडावरून सोडून डोक्याला बांधला आणि गिअर टाकला.