दाढेचा खर्च: डॉक्टरांना ‘रूट कॅनल कितीला?’ एवढंच विचारू नका

“कापूस विकला का दाढ करी लेसू.” खान्देशात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण कीड कापसाच्या भावासाठी थांबत नाही. वरच्या थरातच असली तर सिमेंट भरून पाचशे ते दीड हजारात काम भागतं. दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनल (नस काढून मुळं भरणं) आणि कॅप (दातावरचं टोपण) मिळून पाच ते दहा हजार, भारी कॅप घेतली तर त्याहून जास्त. हे आकडे खाजगी दवाखान्यांचे, ठोकळ. मधेच ठणका आपोआप थांबला तर खूश होऊ नका. बऱ्याचदा ती नस मेल्याची खूण असते, मग मुळाशी पू साचतो. गोळ्यांनी आठवडा निघतो, आतली घाण तशीच राहते.

आता एस्टिमेट. ‘रूट कॅनल कितीला?’ हा अर्धाच प्रश्न आहे. दाढेच्या कामात एक्स-रे, मुळं साफ करून भरणं, वरचं पक्कं सिमेंट आणि कॅप असे चार भाग असतात, आणि स्वस्त वाटणाऱ्या भावात शेवटचे दोन धरलेले नसतात. पुढच्या दाताच्या मुळात साफ करायची बहुधा एकच नळी असते, खालच्या मोठ्या दाढेला तीन, कधी चार, म्हणून दोघांचा भाव सारखा नसतो. चारही भागांचे पैसे कागदावर वेगवेगळे लिहून घ्या, किती फेऱ्या लागतील तेही विचारा. शिरपूर-शहाद्यासारख्या लांबच्या गावाहून येणाऱ्याला बुडालेली मजुरी धरली तर प्रत्येक फेरी महाग पडते. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे: दुखणं थांबलं म्हणून लोक कॅपला येतच नाहीत. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते आणि रूट कॅनल पुन्हा करावं लागतं, तेही पहिल्यापेक्षा महाग. आतून पोखरलेली दाढ एखाद्या सुपारीनेही उभी चिरते. चीर हिरडीखाली गेली की दाढ काढण्याशिवाय इलाज नसतो. कॅपचे पैसे जमणार नसतील तर ते रूट कॅनल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

कॅप घेताना दिसण्यापेक्षा जागा बघा. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप उत्तम चालते, तिच्यासाठी डॉक्टरांना दात कमी घासून बारीक करावा लागतो आणि ती सगळ्यात स्वस्त असते. झिर्कोनियाची, म्हणजे दातासारखी पांढरी दिसणारी कॅप हसताना दिसणाऱ्या दातांना ठीक. तिच्या वॉरंटी कार्डावर भुलू नका, वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाताची नाही.

“काढूनच टाका ना” हा सल्ला अक्कलदाढेला बहुतेक वेळा बरोबर आहे. चावायच्या मोठ्या दाढेला मात्र तो महागात पडतो. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेकडे लांबतो. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने जोडलेला दात, करायचा तर एका दातासाठी तीन कॅपचे पैसे मोजावे लागतात.

स्वस्तात कुठे? आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दंतचिकित्सक असेल तिथे दात काढणं, साफ करणं, सिमेंट भरणं होतं. कॅप-ब्रिजची अपेक्षा तिथे ठेवू नका. मोठ्या कामाला धुळ्यात साक्री रस्त्यावरचं एसीपीएम दंत महाविद्यालय आहे, आणि जळगावकरांना अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी सकाळी लवकर केसपेपर काढा. आधी तपासणी आणि एक्स-रे होतो, मग त्या-त्या विभागात पाठवतात. दाढेचं रूट कॅनल असेल तर “पीजीकडे द्या”, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरकडे द्या, असं म्हणायला लाजू नका. प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात, म्हणून वेळ लागतो, आणि परीक्षेच्या दिवसांत आणखी. पूर्ण कवळीला साधारण पाच फेऱ्या लागतात. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात ठरावीक कवळ्या कराव्याच लागतात, त्यामुळे बिनदातांच्या आजोबांचं तिथे जावयासारखं स्वागत होतं!

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रूट कॅनल किंवा कॅप बसत नाही. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मात्र बसते. मिसरी-तंबाखूवाल्यांनी दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा लगेच दाखवावा.

बाजारात बसून तासाभरात ‘फिक्स दात’ लावणाऱ्याकडे जाऊ नका. तो शेजारच्या दातांना प्लास्टिक चिकटवतो, खाली अन्न सडतं आणि चांगले दातही हलायला लागतात. डॉक्टर बीडीएस किंवा एमडीएस आहे का आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, हे पाहा.

गालावर सूज, ताप, आणि तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, असं झालं तर भाव विचारत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं सरकारी रुग्णालय गाठा.